शब्दचर्चा : भूकंप ‘मध्यम’ म्हणजे कोणत्या मापाने मध्यम?

शाईदौत
किल्लारीच्या भूकंपावरच्या एका माहितीपत्रकाचं मुद्रितशोधन करतोय. त्यात वाक्य आहे : ‘३० सप्टेंबर १९९३ रोजी ६.२ रिश्टर स्केल तीव्रतेच्या मध्यम भूकंपाने हाहाकार माजवला.’ मध्यम आणि हाहाकार एका दमात वाचताना अडखळायला होतं. ‘मध्यम’ काढू का? आणि ‘तीव्रता’ बरोबर आहे का? पुढे एकदा ‘केंद्रबिंदू’ येतो, एकदा ‘अपिकेंद्र’. दोन्ही एकच का?

कंपरेषा
‘मध्यम’ चुकीचा नाही, फक्त उघडा पडलाय. हवामान खात्याच्या जुन्या वर्गवारीत ५ पासून ६.९ पर्यंतचे सगळे भूकंप मध्यम, त्याखालचे सौम्य आणि ७ पासून पुढचे मोठे. काही तक्त्यांत ५ ते ५.९ मध्यम आणि ६ ते ६.९ प्रबळ असतो, म्हणजे त्या तक्त्याने किल्लारी प्रबळ ठरेल. दोन्ही तक्ते नाभीपाशी (जमिनीखाली खडक फुटायला लागतो तिथे) किती ऊर्जा सुटली एवढंच मोजतात. वर गाव आहे की माळरान, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

खरी गफलत ‘तीव्रता’ या शब्दाची. मॅग्निट्यूडला मराठीत महत्ता किंवा परिमाण म्हणतात. एका भूकंपाची महत्ता एकच, मग तो किल्लारीत बसून मोजा नाहीतर टोकियोत. तीव्रता म्हणजे इंटेन्सिटी, ती जागेगणिक बदलते. ती मोजायला मर्केली किंवा एमएसके श्रेणी वापरतात. दोन्हींत बारा पायऱ्या असतात आणि त्या रोमन आकड्यांत लिहितात, महत्तेशी घोळ होऊ नये म्हणून. किल्लारीत ही तीव्रता आठ ते नऊच्या घरात होती. मुंबई-हैदराबादलाही धक्का जाणवला, पण तिथली तीव्रता कितीतरी खालची. महत्ता मात्र सगळीकडे ६.२.

‘रिश्टर स्केल तीव्रतेचा’ यात तर दोन चुका आहेत. स्केल म्हणजे मोजपट्टी, एकक नव्हे. शिवाय चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, एका विशिष्ट जातीच्या भूकंपमापकावर बेतली होती. मोठ्या भूकंपांना ती पुरी पडत नाही, म्हणून आता आघूर्ण महत्ता (मोमेंट मॅग्निट्यूड) देतात. किल्लारीचा ६.२ हा आकडा त्याच मापातला आहे. ६.४ असाही आकडा छापलेला दिसतो, तो दुसऱ्या पद्धतीचा. एका लेखात दोन्ही मिसळू नका. महत्ता एकाने वाढली की लाटेची उंची दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्यामुळे ०.२ चा फरकही ऊर्जेत दुप्पट भरतो.

माळवद
हाहाकाराचं कारण महत्तेत शोधू नका, घरात शोधा. तेवढ्याच महत्तेचा भूकंप जपान किंवा कॅलिफोर्नियात झाला तर पडझड होते, माणसंही दगावतात, पण आठ ते दहा हजार बळी जात नाहीत.

लातूर-उस्मानाबादकडच्या त्या घरांचे शब्द पत्रकात नीट यायला हवेत. भिंत काळ्या दगडाची, चिखलात रचलेली, दोन ते तीन फूट जाड, कुठे त्याहूनही जास्त. बाहेरून भक्कम दिसते, पण ती एक भिंत नसतेच. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पडदे असतात आणि मध्ये कपच्या-मातीची भर. दोन्ही पडदे बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड (गवंडी त्याला थ्रू म्हणतात) बहुतेक भिंतींत नव्हता. दगड गोलसर, त्यामुळे चिखलाने धरून ठेवलेलं फार थोडं. हादरा बसला की मधली भर खाली बसते, पडद्यांना आतून रेटा देते, भिंतीला पोट येतं आणि पडदे दोन दिशांना सुटतात. कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसतील तर आधी कोपरा उघडतो.

वर माळवद. तुळया, त्यावर किलचण (लाकडी चिपांचा थर), त्यावर पांढरी माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी नवा थर, जुना काढायचा नाही. पिढ्यान् पिढ्या असं चालल्यावर थर दीड-दोन फुटांवर जातो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर अर्धा मीटर माती घनमीटरला दीड टनाने मोजली तरी सात टन भरते, आणि सप्टेंबरअखेर ती पावसाने भिजलेली, म्हणजे आणखी जड. भूकंपाचा रेटा वजनाच्या प्रमाणात वाढतो. जड छत अंगावर पडतं हे खरंच, पण त्याआधी तेच भिंतींना जास्त जोराने हलवतं.

‘माळवदाची घरं पडली’ असं सरसकट मात्र लिहू नका. जिथे माळवद खांब-तुळयांच्या खणांवर उभं होतं, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा टिकला. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या, तिथे भिंतीबरोबर छतही गेलं. खणाचं घर आणि भिंतीवरचं घर हा भेद पत्रकात आलाच पाहिजे.

वेळेचाही भाग होता. पहाटे ३.५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून उशिरा झोपलेली गावं.

कंपरेषा
आणि उथळ नाभी. ती दहा किलोमीटरच्या आसपासच होती, त्यामुळे ऊर्जा विरायला अंतरच मिळालं नाही. जमिनीवरही उठाव दिसला. हा भाग भारतीय भूपट्टाच्या (प्लेटच्या) पोटातला, कडेचा नाही. बेसाल्टचा थर तिथे जेमतेम साडेतीनशे मीटर आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक. हे भूपट्ट उत्तरेला सरकून हिमालयापाशी अडतं, त्याचा दाब आतपर्यंत पोचतो आणि जुनी कमकुवत जागा गाठून खडक एकमेकांवर चढतो. १९९२ च्या ऑगस्टपासून तिथे लहान धक्क्यांची मालिका जाणवत होती. तिला ‘पूर्वधक्के’ म्हणायचं ते मोठा धक्का येऊन गेल्यावरच. आधी ती नुसती ‘भूकंपमालिका’. काळाचा हा फरक वाक्यात पाळा.

बोरू
केंद्रबिंदूचं सांगतो. जमिनीखाली जिथून खडक फुटायला सुरुवात होते ती भूकंपनाभी. तिच्या नेमक्या वर, भूपृष्ठावर असतं ते अपिकेंद्र. ‘केंद्रबिंदू जमिनीखाली १० किलोमीटर’ या वाक्यात नाभी अभिप्रेत असते आणि ‘केंद्रबिंदू किल्लारीजवळ’ यात अपिकेंद्र. म्हणून केंद्रबिंदू हा शब्द टाकून द्यावा. ‘अधिकेंद्र’ही चालतो, पण शालेय भूगोलात अपिकेंद्र रुळलाय. त्यातला ‘अपि’ आणि ग्रीक ‘एपि’ हे सख्खे भाऊ, तेव्हा तोच ठेवा.

बातम्यांत खोली वारंवार नेमकी १० किलोमीटर दिसते. अनेकदा ती मोजलेली नसते. जवळ पुरेशी यंत्रं नसली की गणितासाठी ती गृहीत धरतात.

शाईदौत
मग आफ्टरशॉकला काय? ‘अनुकंप’ सुचवलाय एकाने.

बोरू
अनुकंप वाचला की अनुकंपा तत्त्वावरची नोकरी आठवते. पश्चात्कंप शास्त्राच्या पुस्तकात ठीक. गावात वाटायच्या पत्रकात ‘नंतरचे धक्के’ लिहा, कुणाचं काही अडत नाही.

शाईदौत
पत्रकात कोयनेचाही उल्लेख आहे : ‘धरणाने घडवलेला भूकंप’.

कंपरेषा
११ डिसेंबर १९६७ ची पहाट, महत्ता ६.३ च्या आसपास. जलाशय १९६२ पासून भरू लागला होता. ‘घडवलेला’ फार झालं. खडकातला ताण आधीचाच. पाणी भेगांतून खाली झिरपतं, तिथला दाब वाढवतं आणि दोन बाजूंमधलं घर्षण कमी करतं. उद्या सरकणारा खडक आज सरकतो. म्हणून ‘जलाशयाने चेतवलेला’ किंवा ‘उद्दीपित’. किल्लारीनंतर माकणीच्या निम्न तेरणा जलाशयावरही संशय घेतला गेला, पण कोयनेचं वाक्य तिथे चिकटवू नका.

माळवद
पत्रकात ‘भूकंपरोधक घर’ असेल तर तेही बदला, भूकंप कुणी रोधत नाही. ‘भूकंपसह’ बरा. घराला तडे जातील पण ते माणसांवर कोसळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मजबुतीकरणाच्या सूचना मोघम नकोत :

माती उतरवून थर २० सेंटिमीटरपर्यंत आणा. गळतीसाठी मातीत प्लास्टिकचा कागद घाला, जादा माती नको. नव्या दगडी भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरच्या वर नको. आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला. जुन्या भिंतीत तेवढ्याच अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करा आणि दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई घालून काँक्रीट भरा. घण घातलात तर मधली भर सुटते आणि दुरुस्तीतच भिंत येते. दारांच्या वर सगळ्या भिंतींवरून फिरणारा सलग पट्टा हवा. कोपऱ्यात तोडला तर तो निरुपयोगी. खांब-तुळईच्या जोडाला तिरपे टेकू द्या.

शाईदौत
बदललेलं वाक्य पाहा : ‘३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. नाभी उथळ होती आणि दगड-मातीच्या घरांवर माळवदाचे ओझे होते, त्यामुळे किल्लारी, सास्तूर, राजेगाव, तळणी यांसारख्या गावांत मोठी जीवितहानी झाली.’

माळवद
‘दगड-मातीच्या घरांवर’ऐवजी ‘आरपार दगड नसलेल्या भिंतींवर’ करा. नाहीतर वाचणारा दगड टाकून विटा आणेल आणि भिंतींवरचा सलग पट्टा घालायचा राहूनच जाईल.