मदत हवी आहे: पावसाळ्यात कार्बन स्टीलची सुरी गंजू नये म्हणून काय करावं?

ट्रेकसाठी पहिलीच न मिटणारी सुरी घेतली आहे. पातं कार्बन स्टीलचं, साधारण 10 सेंमी, स्कँडी धार (दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार), कातडी म्यान. राहायला ऐरोलीत, खाडीच्या बाजूला. जूनपासून घरातली हवा अशी की मीठसुद्धा डबीत ओलं होतं.

सुरी पुसून म्यानात ठेवली तरी धारेलगत तांबूस ठिपके येतात, मुठीजवळ जास्त. ठिपके बारीक स्टील वूलने निघतात. गोडेतेलाचा चिकट थर बसतो. शिलाई मशीनचं तेल चांगलं टिकतं, पण याच सुरीने कांदा-चिकनही कापायचंय, त्यामुळे ते नको. आता म्यान वेगळं ठेवतोय, सुरी कागदात गुंडाळून. फरक आहे, पण ट्रेकवर म्यान लागतंच.

'स्टेनलेस घ्यायची' असं सांगाल, ते कळलं, पण सध्या हीच वापरायची आहे. परवान्याचं म्हणाल तर शस्त्र नियमांतली पात्याची 9 इंचांची मर्यादा फार लांब आहे, आणि लोकलमध्ये सुरी सॅकच्या तळाशीच असते. चाकवाल्या धारवाल्याकडे देणार नाही, पातं तापलं तर पाणी (पोलादाचा टणकपणा) उतरेल. घरी धार लावायला 1000 ग्रिटचा पाणदगड आहे.

व्हिनेगरने मुद्दाम काळपट थर चढवला तर आपल्या दमट हवेत तो खरंच टिकतो का, की दर वेळी धार लावली की धारेपाशी पुन्हा तेच? आणि अन्नाला चालेल असं कुठलं तेल तुम्ही लावता, ठाणे-नवी मुंबईत ते कुठे मिळतं?