‘ला बायादेर’ लेकीला दाखवू का? बॅलेमधल्या जुन्या कथा आणि भूमिकावाटप: सल्ला हवा

केंटकर

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात असतो. लेक बारा वर्षांची आहे, लहानपणापासून बॅले शिकते आणि तिला त्याचं मनापासून वेड आहे. यंदा वाढदिवसाला मोठ्या कंपनीचा पूर्ण बॅले दाखवायचं कबूल केलंय. ‘ला बायादेर’ची तिकिटं मिळतायत. भारतातली गोष्ट आहे म्हणून हौसेने कथा वाचायला घेतली आणि वाचून अस्वस्थ झाले. देवळातली नर्तकी निकिया, तिच्यावर डोळा ठेवून असलेला मुख्य ब्राह्मण, गोवळकोंड्याचा राजा, फुलांच्या परडीत लपवलेला साप, आगीभोवती उड्या मारणारे फकीर. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेटिपाने हे बसवलं, आणि त्याने भारत कधी पाहिलाही नव्हता.

दुसरं कारण घरचं आहे. तिच्या क्लासमध्ये नाताळात ‘नटक्रॅकर’ हा बॅले होतो. तिला लागोपाठ ‘अरेबियन’ नाचातच घालतात. पोट उघडं टाकणारी चोळी, झिरझिरीत सलवार, कपाळावर सोनेरी नाण्यांची झालर. तिच्याच तयारीच्या मैत्रिणी मात्र हिमकणांच्या ‘स्नोफ्लेक्स’ नाचामध्ये. मी विचारलं तर बाई कौतुकाने म्हणाल्या, “तिला तो पोशाख किती शोभतो!” लेक काही बोलली नाही, पण या वर्षी ऑडिशनचा फॉर्म टेबलावर तसाच पडून आहे.

तर विचारायचं असं: बायादेर दाखवावा की नको? नको असेल तर दुसरं काय दाखवू? आणि क्लासमध्ये हा विषय कसा काढू? बाई वाईट नाहीत, शिकवतात उत्तम, म्हणूनच अवघड होतंय.

सोनचाफा

नक्की दाखवा. बायादेर बघायचा तो ‘छायांच्या राज्या’साठी. निकिया मेल्यावर तिचा प्रियकर सोलोर अफू ओढतो आणि त्याला तिच्या छाया दिसू लागतात, एवढंच कथानक. मागच्या उतारावर एक मुलगी येते, अराबेस्क घेते (एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे ताणायचा), मागे झुकते, दोन पावलं पुढे टाकते. मग तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. तीच हालचाल, तेच संगीत, पुन्हा पुन्हा. काही कंपन्यांत चोवीस जणी असतात, काहींत बत्तीस. सगळ्या खाली उतरून ओळीत उभ्या राहीपर्यंत प्रेक्षागृहात कोणी खोकतसुद्धा नाही. जी पहिली उतरते ती सर्वांत जास्त अराबेस्क करते आणि शेवटची उतरेपर्यंत तिला पाय थरथरू द्यायचा नसतो. बॅले शिकणाऱ्या मुलीला यातलं कष्टाचं मोल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि या अंकात भारत औषधालाही नाही. पांढरे ट्यूट्यू (बॅलेचे जाळीदार झगे), पांढऱ्या ओढण्या. दान्तेच्या ‘पॅरडाइझ’साठी गुस्ताव्ह दोरेने काढलेल्या चित्रांवरून पेटिपाला हे सुचलं असं सांगतात. पश्चिमेकडच्या कंपन्यांनी कित्येक वर्षं हा एवढाच अंक केला. नर्तक नुरेयेव्हने लंडनच्या रॉयल बॅलेसाठी १९६३ साली बसवला तोही एवढाच. पूर्ण बायादेर नर्तकी माकारोवाने अमेरिकन बॅले थिएटरसाठी १९८० मध्ये उभा केला.

दख्खनी

गोवळकोंड्याचा ‘राजा’ वाचून राहवलं नाही. गोवळकोंड्यावर कुतुबशाही होती. १६७७ साली शिवाजी महाराज तिथे जाऊन कुतुबशहाला भेटले, ते शाळेच्या पुस्तकातलं सगळ्यांना आठवत असेल. त्याला बरोबर दोनशे वर्षं झाल्यावर रशियात त्याच गोवळकोंड्याच्या नावावर देऊळ, ब्राह्मण आणि राजकन्या असा देखावा उभा राहतो. लेकीला नकाशा उघडून हे जरूर सांगा. या वयात अशा गोष्टी पक्क्या लक्षात राहतात.

फोंड्याची

मी जरा वेगळं लिहिते. आमच्या गोव्यात देवळांच्या सेवेतल्या बायकांचा इतिहास घराघरात आहे. कलावंत, भाविणी या नावांनी ज्यांना कोपऱ्यात उभं केलं त्याच समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या. त्यामुळे ‘देवळातली नर्तकी’ म्हटलं की मला ट्यूट्यू दिसत नाही. सगळं आयुष्य गाण्या-नाचण्याच्या तालमीत घातलेली आणि तरी गावाच्या तोंडाकडे बघत जगावं लागलेली बाई दिसते.

आणि युरोपने खऱ्या देवदासी पाहिलेल्या होत्या! १८३८ साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी वादकांसह पॅरिसला गेल्या, लंडनलाही नाचल्या. त्यांतल्या अमनी नावाच्या मुलीवर कवी तेओफिल गोतिए भाळला आणि त्याने भरभरून लिहिलं. शिल्पकार बार याने तिची छोटी ब्राँझची मूर्ती केली. याच गोतिएने पुढे १८४१ च्या ‘जिझेल’ या बॅलेची कथा रचली आणि १८५८ मध्ये ‘साकुंतला’ नावाचा बॅले लिहिला, तो बसवला पेटिपाच्याच थोरल्या भावाने. म्हणजे नाचणारी बाई समोर उभी होती, तिचे हात, तिचे पाय, तिचा ताल सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. रंगमंचावर त्यातलं काय आलं? कपाळावरची झालर आणि साप.

माझा सल्ला: दाखवा, पण अमनीची गोष्ट आधी सांगा. लंडनच्या शोभना जेयसिंग यांनी २०१५ मध्ये याच विषयावर ‘बायादेर: द नाइन्थ लाइफ’ केला होता. त्याच्या चित्रफिती मिळाल्या तर आईने आणि मुलीने मिळून बघाव्यात.

नाट्यवेडा

माझं मत या सगळ्यांच्या विरुद्ध आहे. जुनी कलाकृती आहे तशी दाखवावी. आज देवदासी खटकते म्हणून काढली, उद्या जादूगार खटकेल, परवा राजपुत्र. मग उरेल काय? कथेचा दोष कथेसकट दिसला तर पुढच्या पिढीला तो कळतो तरी.

सोनचाफा

@नाट्यवेडा, ‘आहे तशी’ म्हणजे नेमकी कुठली? बायादेरचा शेवटचा अंक, ज्यात देऊळ कोसळतं, तो सोव्हिएत काळात गळाला आणि छायांवरच पडदा पडू लागला. माकारोवाने तो पुन्हा रचला तेव्हा त्याचं संगीत संगीतकार लँचबेरीने नव्याने बांधलं. सोनेरी मूर्तीचा नाच, ज्याला हमखास टाळ्या पडतात, तो १९४८ चा. पेटिपाने तो पाहिलाही नाही. तुम्ही नाटकवाले आहात म्हणून विचारते: रात्र रात्र चालणारं ‘संगीत शाकुंतल’ आज तीन तासांत बसवतात, पदं गाळतात, शकुंतलेचं काम बाई करते. तरी ते किर्लोस्करांचंच राहतं ना?

नाट्यवेडा

मूर्तीच्या नाचाचं माहीत नव्हतं. शाकुंतलचा मुद्दा मान्य. पण तिथे संहितेतली माणसं तीच राहतात. पात्रंच बदलायची तर नवीन बॅले लिहावा, असं मला अजूनही वाटतं.

बर्लिनवासी

मी इथे मुलांना बॅले शिकवते, म्हणून भूमिकावाटपावर सविस्तर लिहिते. @केंटकर, तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

‘अरेबियन’ आणि ‘स्नोफ्लेक्स’ यांत नुसता पोशाखाचा फरक नाही. अरेबियन म्हणजे आदाज्यो (संथ लयीतल्या हालचाली), लवचिकपणा, पाठीची कमान. स्नोफ्लेक्स म्हणजे भराभर उड्या, पावलांची चपळाई, वाल्ट्झच्या लयीत सोळा जणींच्या रांगेत आपली जागा राखणं. डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीचा खांदा बघत नाचायचं असतं. कोर द बॅलेची, म्हणजे समूहात नाचणाऱ्यांची, ही शिस्त रांगेत उभं राहूनच येते. जी मुलगी दर वर्षी ‘वेगळी’ म्हणून बाजूला काढली जाते तिचं हे शिक्षण राहून जातं, आणि पुढे मोठ्या शाळेच्या ऑडिशनमध्ये तेच उणं दिसतं. म्हणून बाईंशी बोलताना याच मुद्द्यापासून सुरुवात करा. “तिला कोरचा अनुभव हवा आहे. स्नोफ्लेक्ससाठी तिच्यात काय कमी पडतं ते सांगा, आम्ही तयारी करून घेतो.” चांगल्या शिक्षिकेला याचं उत्तर तंत्रातच द्यावं लागतं. काही कमी पडत नसेल तर तेही तिला तिथेच कळेल. ऑडिशनच्या आधी बोला, यादी लागल्यावर नको.

मोठ्या कंपन्यांत काय चालतं तेही सांगते. ‘पांढऱ्या’ अंकात सगळ्या सारख्या दिसायला हव्यात, हे कारण वर्षानुवर्षं पुढे केलं जातं. आमच्या बर्लिनच्या कंपनीत क्लोए लोपेस गोमेस २०१८ मध्ये आली. कंपनीतली पहिली कृष्णवर्णी नर्तकी. ‘स्वान लेक’साठी तिला अंगाला पांढरी पावडर लावायला सांगितलं गेलं. २०२० मध्ये ती उघडपणे बोलली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. पॅरिस ऑपेरात बायादेरमधल्या लहान मुलांची तोंडं काळी रंगवायची पद्धत होती, ती २०१५ मध्ये बंद झाली. मॉस्कोच्या बोल्शॉयमधला तसाच रंगवलेल्या मुलींचा फोटो २०१९ मध्ये अमेरिकेतली कृष्णवर्णी नर्तकी मिस्टी कोपलंडने जगासमोर ठेवला, तर ‘ही आमची परंपरा’ असं उत्तर आलं. सारखेपणा ओळीतून, श्वासातून, संगीत ऐकण्यातून येतो. तो कातडीचा रंग सारखा करून येत नाही, हे मी रोज वर्गात बघते. डान्स थिएटर ऑफ हार्लेम कंपनीने सत्तरच्या दशकातच ज्याच्या त्याच्या वर्णाच्या टाइट्स आणि शूज घालायला सुरुवात केली. त्यांचं १९८४ चं ‘क्रिओल जिझेल’ लुइझियानात घडतं आणि पावलं जुन्या जिझेलचीच आहेत.

@नाट्यवेडा, हे तुमच्यासाठीही आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात फिल चॅन आणि डग फुलिंग्टन यांनी बायादेरची कथा १९३० च्या आसपासच्या हॉलिवूडमध्ये नेली. पावलं मात्र पेटिपाच्या काळातल्या नोंदवह्यांवरून घेतली. पात्रं बदलली आणि नाच उलट मुळाच्या जास्त जवळ गेला.

फोंड्याची

बर्लिनवासी, इतकं नेमकं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ‘अरेबियन’बद्दल अजून एक: ‘नटक्रॅकर’चा संगीतकार चायकॉव्हस्कीने ती चाल जॉर्जियातल्या अंगाईवरून घेतली आहे. अरबांचा त्यात काडीचा संबंध नाही. आता तर इंग्लिश नॅशनल बॅलेने २०२४ च्या नव्या ‘नटक्रॅकर’मध्ये हे ‘देशोदेशीचे’ नाच काढून तिथे मिठाया आणल्या आहेत, सहलब, तांघुलू वगैरे. तुमच्या बाईंना हे उदाहरण दाखवता येईल. तुमच्याच देशातलं आहे.

डोंबिवलीकर

बॅलेतलं फारसं कळत नाही, पण वाचतोय. दुसरं काय दाखवू याचं उत्तर राहिलं की! अक्रम खानने इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी केलेला ‘जिझेल’ (२०१६) मी पडद्यावर पाहिला. बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातल्या स्थलांतरित कामगारांची गोष्ट. मोठी भिंत, तिच्या एका बाजूला कामगार, दुसऱ्या बाजूला मालक लोक. मला गिरणगाव आठवलं. दुसऱ्या अंकात मेलेल्या कामगार बायका हातात काठ्या घेऊन पॉइंटवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर, उभ्या राहतात ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बारा वर्षांच्या मुलीला थोडं गडद वाटेल, पण चालेल.

बर्लिनवासी

अगदी. शिवाय लंडनची ‘बॅले ब्लॅक’ ही छोटी कंपनी दौऱ्यावर आली की चुकवू नका. कासा पांचो यांनी २००१ मध्ये काढली, कृष्णवर्णी आणि आशियाई नर्तकांसाठी. छोटं नाट्यगृह असलं तर घामसुद्धा दिसतो. मुलीला आपल्यासारखी माणसं पुढच्या रांगेत नाचताना बघू दे.

केंटकर

सगळ्यांचे खूप खूप आभार. अमनीची गोष्ट काल रात्री लेकीला सांगितली. तिने पहिला प्रश्न विचारला, “मग ती परत गेली का? तिला पैसे मिळाले का?” उत्तर मला देता आलं नाही, शोधतेय.

ठरलं असं: बाईंना भेटीची वेळ मागितली आहे, बर्लिनवासींचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं लिहून. फॉर्म लेकीने स्वतः भरला आणि ‘स्नोफ्लेक्स’समोर खूण केली. बायादेर बघायचा आणि अक्रम खानचा जिझेल दौऱ्यावर आला की तोही.

दोन बारीक प्रश्न. गुलाबी टाइट्सऐवजी तिच्या वर्णाच्या घ्यायच्या म्हटलं तर शूजचं काय? आणि बायादेरला कुठे बसावं? स्टॉल्स (खालच्या मजल्यावरच्या जागा) परवडणार नाहीत.

बर्लिनवासी

शूज: बॅलेचे शूज बनवणाऱ्या फ्रीड कंपनीने २०१८ पासून तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले आहेत. तिचे माप आणि ठेवण त्यात मिळत नसेल तर गुलाबी जोडावरच फाउंडेशन लावायचं. दंडाच्या आतल्या बाजूला लावून छटा जुळवा, स्पंजने पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा थर. टाचेची शिवण आणि फितीही रंगवा, नाहीतर घोट्याशी गुलाबी पट्टा उठून दिसतो. क्लासचा गणवेशाचा नियम आधी विचारून घ्या. कृष्णवर्णी नर्तकी प्रेशस ॲडम्सने २०१८ मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेत गुलाबी टाइट्स घालणार नाही असं सांगितलं, तेव्हा संचालिका तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. तुमच्या बाईही राहतील असं मनापासून वाटतं.

सोनचाफा

जागा: वरच्या बाल्कनीत, पण मधोमध. कडेची स्वस्त तिकिटं अजिबात घेऊ नका, तिथून उताराचा वरचा भाग कापला जातो आणि पहिल्या छायाच दिसत नाहीत. वरून बत्तीस जणींच्या रांगा जमिनीवर कशा आखल्यासारख्या पडतात ते स्टॉल्समधून दिसतच नाही. दुर्बीण न्या, पण पहिल्या अंकासाठी. छाया उतरू लागल्या की ती लेकीच्या हातातून काढून घ्या.