काळोख म्हणजे खोली, असे कोणी ठरवले?

तिरकस :
'विनोदांनी सुपरहिरोपटांचे वाटोळे केले, हसणारा प्रेक्षक हा विचार न करणारा प्रेक्षक असतो' हे रात्रपाळी यांचे लिखाण वाचून गप्प बसणे जमले नाही. अंधार, पाऊस, घोगरा आवाज आणि चेहऱ्यावर कायम बारा वाजलेला नायक एवढ्या भांडवलावर चित्रपट प्रौढ होत असेल, तर प्रौढपण फारच स्वस्त झाले म्हणायचे. २००८ च्या 'द डार्क नाइट' या बॅटमॅनपटातला काळोख पुढच्या अनेकांनी उचलला. त्यातला विनोद मात्र फार थोड्यांना झेपला. खलनायक जोकर टेबलावर उभी केलेली पेन्सिल एका माणसाच्या डोक्यात घुसवून 'गायब' करून दाखवतो तेव्हा प्रेक्षक आधी हसतात आणि मग आपण कशाला हसलो हे उमगून चरकतात. तो विनोद काढून टाकला, तर एका गुंडाने केलेला आणखी एक खून एवढेच उरेल. याउलट 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (२०१३) सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो, ते गांभीर्याचे निव्वळ सोंग आहे.

रात्रपाळी :
आपण सोयीचे तेवढे उचलले आहे. १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये बॅटमॅन कमरपट्ट्यातून स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड काढतो, आणि पुढचा बॅटमॅनपट यायला २००५ साल उजाडावे लागले, हे आपण विसरलात की विसरल्यासारखे करता?
आता माझे सांगतो. वडिलांची केमोथेरपी चालू असताना 'थॉर : लव्ह अँड थंडर' (२०२२) पाहिला. थॉरची पूर्वीची प्रेयसी जेन फॉस्टर हिचा कर्करोग चौथ्या टप्प्यात आहे असे चित्रपट सांगतो, तिला यंत्राला जोडून बसलेली दाखवतो, आणि थोड्याच वेळात किंचाळणाऱ्या बोकडांचा तोच विनोद पुन्हा पुन्हा माथी मारतो. दुःखाला दोन मिनिटेही बसू न देणाऱ्या या हलकेपणाला मी भित्रेपणा म्हणतो, आणि तो शब्द मागे घेणार नाही.

मृगजळ :
रात्रपाळी, आपल्या अनुभवाविषयी आदर आहेच. पण तो नियम म्हणून आमच्यावर लादू नका. त्याच आजारातून जाणारी माझी आई त्या बोकडांनाच सर्वांत जास्त हसली आणि जेनचे प्रसंग आले की 'हे पुढे ढकल' म्हणाली. आता कोणाचा कर्करोग प्रमाण मानायचा?
जाता जाता माझे जुने गाऱ्हाणे मांडते, कारण ते कोणीच मनावर घेत नाही : गडद आशय म्हणजे काही न दिसणारे चित्र नव्हे. २०२२ चा 'द बॅटमॅन' जवळजवळ तीन तासांचा आहे आणि घरच्या पडद्यावर त्यातला बराच वेळ मला माझेच प्रतिबिंब दिसत होते.

पडद्यामागे :
झॉडचा विषय निघालाच आहे, तर सर्वांच्या लाडक्या, हसऱ्या 'सुपरमॅन २'कडे (१९८०) वळू. तिथे झॉडची शक्ती आधीच काढून घेतलेली आहे, म्हणजे तो साधा माणूस झालेला आहे. सुपरमॅन त्याचा हात चुरडतो, त्याला उचलून भिंतीवर फेकतो, आणि झॉड घसरत खालच्या धुक्यात नाहीसा होतो. सुपरमॅनची प्रेयसी लोइस झॉडच्या साथीदार अर्साला एक ठोसा आणि एक टोमणा देऊन त्याच दरीत पाठवते. चित्रगृहात दाखवलेल्या आवृत्तीत झॉड, अर्सा आणि त्यांचा तिसरा साथीदार यांचे पुढे काय झाले ते कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. २०१३ चा सुपरमॅन एका कुटुंबाला वाचवण्यासाठी मारतो आणि मारल्यावर गुडघ्यांवर कोसळून ओरडतो. निःशस्त्र शत्रूला हसत दरीत ढकलणारा आपल्याला निरागस वाटतो आणि रडणारा क्रूर, हा कुठला न्याय?

तिरकस :
मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण अर्धाच आहे. ती किंकाळी विरते न विरते तोच पुढच्या प्रसंगात हाच सुपरमॅन लष्कराचे टेहळणी विमान पाडून सेनापतीशी थट्टामस्करी करतो आणि शेजारची अधिकारी 'तो दिसायला छान आहे' म्हणून लाजते. त्याहून कहर म्हणजे उद्ध्वस्त मेट्रोपोलिस शहराच्या ढिगाऱ्यात, अंगावर राख असताना, नायक-नायिका चुंबन घेऊन 'पहिल्या चुंबनानंतर सगळी उतरणच असते' असा विनोद करतात. त्या ढिगाऱ्याखाली माणसे आहेत हो! बोकडांवर जो आरोप आहे, तोच इथे शब्दशः लागू होतो. फक्त रंग करडा असल्यामुळे आपण तो माफ करता.

रात्रपाळी :
मी काय माफ करतो ते माझ्या वतीने ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दर वेळी समोरच्याला भाबडा ठरवून टाळ्या घ्यायच्या, ही आपली जुनी खोड आहे. चुंबनाचा प्रसंग भिकार आहे. घ्या, मिळाले समाधान? पण म्हणून 'लोगन'सारखा (२०१७) चित्रपट खोटा ठरत नाही. स्मृती हरवत चाललेल्या आपल्या वृद्ध गुरूला, चार्ल्सला, नायक लोगन उचलून नेतो, औषधासाठी त्याच्यावर खेकसतो. आजारी वडिलांना सांभाळणाऱ्याला तिथे काही समजावून सांगावे लागत नाही. तो हलकाफुलका करून दाखवाच.

मृगजळ :
'लोगन'मध्ये म्हातारा चार्ल्स खवचट बोलतो म्हणून तर तो जिवंत वाटतो. तिथेही विनोद आहे, रात्रपाळी.

पडद्यामागे :
२०२५ च्या 'सुपरमॅन'वरही 'फार गोड' असा शिक्का बसला, कारण तो लढाईच्या मध्येच खार वाचवतो. त्याच चित्रपटात खलनायक लूथर कैदेतल्या सुपरमॅनसमोर एका साध्या विक्रेत्याच्या डोक्याला पिस्तूल लावून चाप ओढत राहतो, आणि शेवटी गोळी सुटते. खार वाचवणाऱ्याला तो माणूस वाचवता येत नाही. मला हा प्रसंग झॉडच्या मानेपेक्षा जड गेला.

रात्रपाळी :
तो प्रसंग चांगला आहे, हे मान्य करतो. खारीबद्दल मात्र माझ्याकडून काही वदवून घेण्याचा प्रयत्न कोणी करू नये.