'सजेस्टेड मी टू' का चालत नाही

एकाने विचारलंय की इंग्रजीत 'ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो' चालतं, मग 'ही सजेस्टेड मी टू गो' चूक कसं? दोष मराठीच्या सवयीचा. 'मला जायला सांगितलं', 'जायला सुचवलं', आपला साचा एकच. इंग्रजीत टेल, अ‍ॅडव्हाइज, वॉर्न, रिमाइंड यांना आधी माणूस लागतो, मग 'टू'. सजेस्टचं तसं नाही. 'सजेस्टेड गोइंग' म्हणा, नाहीतर 'सजेस्टेड दॅट आय गो'. हो, भूतकाळातही 'गो'च. 'शुड गो'ही चालतं.

एक्सप्लेनचंही तेच. ऐरोलीच्या ऑफिसातून मी कित्येक वर्षं मेलमध्ये 'क्लायंट एक्सप्लेन्ड मी' ठोकून देत होतो, कुणी टोकलं नाही. हवं होतं 'एक्सप्लेन्ड टू मी'.

पण सगळ्यात जास्त गोंधळ डिनायचा. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाला मान हलवून निघून जातो (रोजचंच!), आणि आपण ऑफिसात सांगतो, 'ही डिनाइड टू कम'. अहो, तो आला नाही, म्हणजे 'रिफ्यूज्ड टू कम'. उद्या कुणी म्हणालं की त्याने जास्त पैसे घेतले आणि तो म्हणाला 'मी नाही घेतले', तर ते 'डिनाइड टेकिंग'. एक कामाला नकार, दुसरं आरोप नाकारणं.

अशा क्रियापदांच्या याद्या पाठ करून माझं काही झालं नाही. वाशी लोकलमध्ये आदल्या दिवशीचं एखादं भांडण मनात इंग्रजीत सांगायचो: कोण कुणावर घसरलं, 'अक्यूज्ड हिम ऑफ', 'ब्लेम्ड हर फॉर'. सोसायटीची मीटिंग झाली असेल तर कोपरखैरणेपर्यंत माल पुरतो.