छोट्या इंग्लिश गावातील पोहण्याचा तलाव: काउन्सिलचे कर्तव्य की गावकऱ्यांची जबाबदारी?

मूळ लेख

गेल्या महिन्यात आमच्या लेझर सेंटरच्या (क्रीडा आणि व्यायाम केंद्राच्या) प्रवेशद्वारापाशी काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. आतल्या दमट हवेने त्याच्या कडा वळल्या होत्या. पोहण्याच्या तलावाचा खर्च पुढील आर्थिक वर्षापासून काउन्सिलला (स्थानिक स्वराज्य संस्थेला) पेलणार नाही, गावातील एखादी संस्था तो चालवण्यास पुढे आली तर विचार होईल, अन्यथा तलाव बंद करण्यात येईल, असा त्याचा आशय होता. इंग्लंडच्या पश्चिमेकडील हे गाव जेमतेम सहा हजार वस्तीचे आहे आणि मी येथे अकरा वर्षे राहतो आहे.

मंगळवारी सकाळी साठीपुढच्या मंडळींसाठी तलावाची वेळ राखून ठेवलेली असते. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी कठडा धरून एकेक पायरी उतरतात, पाणी कमरेच्या वर आले की कठडा सोडतात, आणि मग अर्धा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतात. जमिनीवर त्यांना काठीशिवाय दहा पावलेही टाकता येत नाहीत. त्यांची वेळ संपली की प्राथमिक शाळेची मुले येतात आणि तलाव गजबजून जातो.

कायद्याने इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालय चालवणे काउन्सिलला १९६४ पासून बंधनकारक आहे. वृद्ध आणि अपंग यांच्या देखभालीची जबाबदारी २०१४ च्या केअर ॲक्टने घालून दिली आहे. पोहण्याचा तलाव, क्रीडागृह, व्यायामशाळा या सेवा मात्र ऐच्छिक आहेत, आणि ही गोष्ट आजची नाही. सार्वजनिक स्नानगृहांसाठी १८४६ मध्ये जो कायदा झाला, त्यानेही गावांना कर बसवून ती बांधण्याची परवानगी दिली, सक्ती केली नाही. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय अभ्यासक्रम सांगतो की, प्राथमिक शाळा सोडताना, म्हणजे अकराव्या वर्षापर्यंत, प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता आले पाहिजे. मुलाने पोहायला शिकावे हे शाळेवर बंधनकारक, पण ज्या पाण्यात ते शिकायचे ते पाणी राखणे कोणावरच बंधनकारक नाही! ही विसंगती मला अजिबात मान्य नाही.

गेल्या जुलैत मी श्रॉपशरमधील मच वेनलॉकला गेलो होतो. सुमारे तीन हजार वस्तीचे ते गाव आहे. तेथील डॉक्टर विल्यम पेनी ब्रुक्स यांनी १८४१ मध्ये शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी वाचनसंस्था काढली आणि १८५० मध्ये तिच्यातूनच गावाच्या ‘ऑलिंपियन’ खेळांना सुरुवात केली. पहिल्या वर्षी धावणे आणि उड्या यांच्या जोडीला क्रिकेट, फुटबॉल आणि कड्या फेकण्याचा खेळही होता. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तँ १८९० मध्ये हे खेळ पाहायला आले होते, आणि त्यांच्या सन्मानार्थ लावलेला ओक तेथील मैदानावर आजही उभा आहे. अथेन्सचे १८९६ चे पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने पाहणे ब्रुक्स यांच्या नशिबी नव्हते; चारच महिने आधी ते वारले. शाळांमध्ये शारीरिक शिक्षण सक्तीचे व्हावे यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सरकारकडे पाठपुरावा केला. गावाने खेळावे ही हौस नसून सार्वजनिक आरोग्याची बाब आहे, हे एका खेड्यातल्या डॉक्टरला तेव्हा कळले होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, तलाव राखणे ग्रंथालयाप्रमाणेच कायद्याने बंधनकारक करावे. आपली मते अवश्य मांडावीत.

प्रतिसाद १

लेख मनापासून लिहिला आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी यॉर्कशरमध्ये स्थानिक संस्थांच्या हिशेबतपासणीत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो.

आपल्या काउन्सिलने तलाव चैनीखातर सोडलेला नाही. वृद्धसेवा आणि संकटातील मुलांची देखभाल या दोन बंधनकारक खर्चांनीच अंदाजपत्रकाचा मोठा भाग खाल्ला, की उरलेल्यात रस्ते, बागा आणि तलाव बसवावे लागतात. वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम या तिन्ही काउन्सिलांनी एकट्या २०२३ मध्ये ‘कलम ११४’ ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसत नाही अशी अधिकृत कबुली दिली.

त्यात तलाव ही इमारतींमधली सर्वांत खर्चिक जात आहे. पाणी २८-२९ अंशांवर ठेवायचे, बाष्पीभवन आटोक्यात राहावे म्हणून वरची हवा पाण्याहून अंशभर अधिक उबदार ठेवायची, तीच दमट हवा सतत बाहेर काढायची, आणि तलावात दोनच माणसे असली तरी जीवरक्षक उभा ठेवायचा. देशातील कितीतरी तलाव १९६० आणि १९७० च्या दशकांतले आहेत. त्यांची छपरे आणि बॉयलर एकाच वेळी म्हातारे झाले आहेत.

कायद्याच्या सक्तीने काय साधते, हे आपल्याच उदाहरणावरून तपासावे. ग्रंथालये बंधनकारक आहेत, तरीही २०१० नंतर शेकडो ग्रंथालये बंद झाली किंवा स्वयंसेवकांच्या हाती गेली, आणि अनेकांचे तास कापले गेले. पैसा न देता घातलेले बंधन कागदावरच राहते.

याउलट पेन्झन्सचा जुबिली पूल पाहा. समुद्राच्या पाण्याचा हा त्रिकोणी तलाव १९३५ चा आहे. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तो मोडला, दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि पुढे गावाच्या सामुदायिक संस्थेने शेअर विकून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. आज त्याचा एक भाग भूगर्भातील उष्णतेने तापतो. लुइसमधील झऱ्याच्या पाण्याचा पेल्स पूल १८६० पासूनचा आहे आणि तोही गावकऱ्यांचीच संस्था चालवते. जी वस्तू लोकांना स्वतःची वाटते, ती ते टिकवतात.

प्रतिसाद २

मी डेव्हनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. यॉर्कशरच्या प्रतिसादकांचे आकडे योग्य आहेत, पण त्यांचा युक्तिवाद सर्वत्र लागू पडत नाही. आमच्याकडे दोन थरांची काउन्सिले आहेत. वृद्धसेवा काउंटी या वरच्या थराकडे आणि तलाव डिस्ट्रिक्ट या खालच्या थराकडे, त्यामुळे तलाव बंद केल्याने वाचलेला पौंड वृद्धांच्या देखभालीकडे जातोच असे नाही. उलट, तलाव बंद झाला की त्याचा भार माझ्या दवाखान्यात दिसू लागतो. मूळ लेखातील आजींसारखे रुग्ण मी रोज पाहते. पाण्यात त्यांचे बरेचसे वजन सांध्यावर पडत नाही म्हणून त्या चालू शकतात. तो व्यायाम सुटला, की दोन-तीन महिन्यांत मांडीचे स्नायू किती उतरतात, हे मी हाताने चाचपून सांगू शकते. हा खर्च एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, खात्यावर पडतो आणि काउन्सिलच्या ताळेबंदात तो कधीच येत नाही.

पेन्झन्सचे उदाहरण मला नेहमीच अपुरे वाटते. तो समुद्रकिनारी, वास्तुकलेसाठी प्रसिद्ध असलेला तलाव आहे आणि पर्यटक तेथे मुद्दाम येतात. भूगर्भीय उष्णतेच्या कामाला शेअरच्या रकमेबरोबर युरोपीय संघाचा निधीही मिळाला होता. ब्रेक्झिटनंतर ते दार बंद झाले. पत्र्याच्या छपराच्या आणि साध्या फरश्यांच्या तलावासाठी देशभरातून कोण शेअर घेणार?

गावकऱ्यांच्या समित्यांचाही मला अनुभव आहे. ज्या गावात निवृत्त इंजिनिअर, सॉलिसिटर आणि हिशेबनीस राहतात तेथे समिती उत्तम चालते. जेथे लोक दोन-दोन नोकऱ्या करतात, तेथे अर्ज कोण भरणार आणि क्लोरीनची पातळी पहाटे सहा वाजता कोण तपासणार? म्हणजे ज्यांना गरज अधिक, त्यांचाच तलाव आधी जातो. मी स्वतः साताऱ्याजवळच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. तेथे काका काठावर उभे असत. येथे मुलांसाठी तलाव आणि शिक्षक हेच ते काका आहेत.

इमारत जुनी आहे म्हणून उपाय नाही, हेही खरे नव्हे. एक्समथच्या तलावात २०२३ मध्ये वॉशिंग मशीनएवढे छोटे डेटा सेंटर बसवले आणि संगणकांची वाया जाणारी उष्णता पाण्याला दिली. त्याच वर्षी सरकारने तलावांसाठी सहा कोटी पौंडांहून अधिक मदत जाहीर केली होती. ती एकदाचीच होती, हे मात्र खरे.

प्रतिसाद ३

चर्चा तलावापाशीच अडकली आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. छोट्या गावाने आधी मोकळी जागा राखावी. पंचम जॉर्ज राजाच्या स्मरणार्थ १९३६ नंतर ब्रिटनभर ४७१ मैदाने ‘किंग जॉर्जेस फील्ड’ म्हणून राखली गेली. आमच्या मैदानाच्या दगडी खांबांवर एका बाजूला सिंहाचे आणि दुसऱ्या बाजूला युनिकॉर्नचे चिन्ह आजही स्पष्ट दिसते. ती जमीन विश्वस्त कराराने बांधलेली असल्यामुळे तिच्यावर घरे उठली नाहीत. तेथे सकाळी कुत्री फिरतात, संध्याकाळी मुले खेळतात आणि रविवारी क्रिकेट चालते. खर्च म्हणजे गवत कापणे आणि दोन जाळ्या बदलणे, एवढाच.

पार्करनही असेच आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झालेली ही शनिवारची पाच किलोमीटरची धाव आज गावोगावी विनामूल्य आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड पॅरिश काउन्सिलने (गावपातळीवरच्या काउन्सिलने) २०१६ मध्ये तिच्यासाठी पैसे मागण्याचे ठरवले आणि तेथील पार्करन बंदच पडली. काउन्सिलने निदान अशा गोष्टींच्या आड येऊ नये. एका तलावाच्या वर्षभराच्या खर्चात किती मैदाने राखता येतील, याचाही विचार व्हावा.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांचे आभार. मैदानांविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु मैदान तलावाची जागा घेऊ शकत नाही. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी शनिवारी नऊ वाजता चिखलातून पाच किलोमीटर धावणार नाहीत, आणि मैदानावर कोणी पोहायला शिकत नाही. शिवाय त्या ४७१ मैदानांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ती कोणाच्या मर्जीवर टिकलेली नाहीत, कायदेशीर बंधनामुळे टिकली आहेत.

ग्रंथालयांचा मुद्दा मला लागला, हे प्रांजळपणे मान्य करतो. पण बंधन असल्यामुळेच ग्रंथालय बंद करण्यापूर्वी काउन्सिलला कारणे द्यावी लागतात आणि लोकांना न्यायालयात जाता येते. तलावाच्या बाबतीत काचेवर एक कागद लावला की काम झाले.

आमचा तलाव बंद झाल्यास शाळेला सतरा मैल दूर जावे लागेल. मी मुख्याध्यापकांशी बोलून वेळ काढली: बसचा जाण्यायेण्याचा वेळ दीड तास, कपडे बदलण्यात अर्धा तास, आणि पाण्यात प्रत्यक्ष तीस मिनिटे. एवढ्या वेळात गणिताचे दोन तास बुडतील. शाळा हे किती आठवडे करील, आणि २५ मीटर कोणाच्या मुलांना येतील, ते उघड आहे. ज्यांच्या घरी दुसरी गाडी आहे, त्यांच्याच.

येत्या बुधवारी टाउन काउन्सिलची, म्हणजे गावपातळीवरच्या काउन्सिलची, सभा आहे. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टखाली तलावाची नोंद ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून करावी, अशी मागणी आम्ही काही पालक करणार आहोत.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चे लेखक)

कायद्याच्या सक्तीबद्दल माझे मत बदललेले नाही, पण बुधवारच्या सभेसाठी एक सूचना करतो. त्या नोंदीने तलाव बंद करणे थांबत नाही. मालकाने जागा विकायला काढली, तरच गावाला बोली लावण्यासाठी सहा महिने मिळतात. नोंद अवश्य करावी, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये. त्याऐवजी गेल्या तीन वर्षांची गॅस आणि विजेची बिले, छपराचा व बॉयलरचा तपासणी अहवाल, आणि तिकीटविक्रीचे महिनावार आकडे माहितीच्या अधिकाराखाली आजच मागवावेत. काउन्सिलला उत्तर देण्यासाठी कामाचे वीस दिवस असतात. हे कागद हाती येईपर्यंत गावातील कोणत्याही संस्थेने भाडेकरारावर सही करू नये. दुरुस्तीची संपूर्ण जबाबदारी भाडेकरूवर टाकणारे कलम अशा करारांत बहुधा असते, आणि चांगल्या समित्या त्याच कलमामुळे बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. कागद मिळाले की येथे मांडा. हिशेब मी तपासून देईन.