मुलांच्या मनाला तुमच्या गल्लीने, गावाने कसा आधार दिला?

2021 मध्ये आमच्या इमारतीतल्या नऊ वर्षांच्या मुलाचे वडील कोविडने गेले. त्याने खाली येणंच सोडलं. आम्ही डबे पोचवत राहिलो, त्याच्याशी काय बोलावं ते कुणालाच कळेना. निर्बंध सैल झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज पाच वाजता जिन्याखाली कॅरम मांडू लागले. पावडर मारायची, सोंगट्या लावायच्या आणि एकट्यानेच खेळत बसायचं. हाक कुणालाच मारायची नाही. दहा-बारा दिवसांनी तो येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा राणीला कव्हर लागतं म्हणायचे." आजोबांनी स्ट्रायकर त्याच्या हातात दिला.

तुमच्याकडचं सांगा. लहानसंही चालेल.

⁂

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, साखर कारखान्यांकडे निघाली की गावात आज्या आणि लेकरंच उरतात. आई-बापाचा फोन यायचा रात्री, फडातून खोपीवर परतल्यावर. फोन ठेवला की पोरं पांघरुणात तोंड खुपसून रडायची, सकाळी वर्गात गप्प. बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, फोन आपल्या ओट्यावर घ्यायचा, सगळ्या पोरांनी एकत्र. रडू येतंच, पण शेजारी कुणीतरी असतं. मला वाटतं, मार्चपर्यंत पोरं तगतात ती या ओट्यामुळे.

⁂

ओट्याचं वाचून राहवलं नाही. मी किल्लारी भागातला. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. नंतर भारतीय जैन संघटनेने आम्हा 1200 मुलांना पुण्याला शिकायला नेलं. रात्री कुणी पलंग सरकवला तरी आम्ही ताडकन उठून बाहेर पळायचो. पण पळणारा मी एकटा नव्हतो. खोलीतल्या प्रत्येकाला तो आवाज माहीत होता, कुणी कुणाला भित्रा म्हणालं नाही. शाळा, कपडे, जेवण सगळं मिळालं, त्याचे उपकार आहेतच. मला सावरलं ते मात्र त्या खोलीने.

⁂

आमच्या अंगणवाडीत 1098 हा मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा वर लिहिला होता. मदतनीस ताईंनी तो पुसून खाली रंगवला, चार वर्षांच्या पोराच्या उंचीला. पोरं येता-जाता त्यावर बोट फिरवतात, एक, शून्य, नऊ, आठ.