मदत हवी आहे: २०८० सालच्या युद्धखेळातली शस्त्रं पटण्यासारखी कशी करावीत?

नमस्कार मंडळी,

टेबलावर खेळायचा एक युद्धखेळ बनवतोय. षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि प्रत्येक तुकडीचं एक कार्ड. काळ २०८० च्या आसपासचा, दोन्ही देश काल्पनिक, मधे दलदल आणि एक मोठी नदी. नियमांचा सांगाडा तयार आहे, घोडं अडलंय शस्त्रांपाशी. कार्ड हातात घेतल्यावर खेळणाऱ्याला "हे खरंच असं होऊ शकतं" असं वाटलं पाहिजे, ही माझी अट आहे आणि ती मला सोडायची नाही. सैन्यात काम केलेले, अभियांत्रिकीतले किंवा असे खेळ भरपूर खेळलेले कोणी असतील तर कृपया सविस्तर लिहा.

आधी दोन पायांचा यंत्रमानव. माझ्या जोडीने हा खेळ रचणाऱ्या मित्राला ६० टनांचा, तोफ लावलेला, चालणारा यंत्रमानव हवाच आहे. मी साधा हिशोब मांडला. आजचा ६० टनी रणगाडा आपलं वजन लांबरुंद पट्ट्यांवर पसरवतो, त्यामुळे जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो भार येतो. यंत्रमानवाचं पाऊल चांगलं एक चौरस मीटरचं धरलं, तरी चालताना एक पाय हवेत असणार. म्हणजे सगळे ६० टन एका पावलावर, दर चौरस सेंटीमीटरला सहा किलो. दलदलीच्या पहिल्याच घरात तो रुतून बसेल. शिवाय रणगाडा उंचवट्यामागे दडून नुसती तोफ वर काढतो. हा एवढा उंच गडी दडणार कुठे? चार पायांची छोटी यंत्रं मात्र मला पटतात. अमेरिकी मरीन दलाने एलएस३ नावाचं, साधारण १८० किलो ओझं वाहणारं चारपायी यंत्र तपासून पाहिलं होतं. २०१५ मध्ये ते बाजूला ठेवलं गेलं, कारण इंजिनाच्या आवाजाने सैनिकांचा ठावठिकाणा कळायचा. आवाजाचा हा प्रश्न २०८० पर्यंत सुटलेला असेल असं धरून मी त्याचं कार्ड केलंय. चालेल ना?

लेझरबद्दल जास्त मदत हवी आहे. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये यूएसएस पॉन्स या जहाजावर ३० किलोवॅटचं लेझर बसवलं, आणि आता १०० किलोवॅटच्या वर्गातली लेझर आली आहेत. ती ड्रोन आणि रॉकेटं पाडायला. रणगाड्याचं जाड चिलखत कापायला नव्हे. माझ्या खेळातही त्यांचं काम तेवढंच ठेवलंय. पण खरी गोम उष्णतेत आहे. १०० किलोवॅटचा किरण हवा आणि यंत्रणेची कार्यक्षमता एक तृतीयांश धरली, तर ३०० किलोवॅट वीज लागते आणि उरलेले २०० किलोवॅट उष्णता होऊन गाडीतच साठतात. बंदिस्त चिलखती गाडीतून ती बाहेर कशी टाकायची? टाकली तरी शत्रूच्या औष्णिक कॅमेऱ्यात ती गाडी ठळक दिसणार. म्हणून कार्डावर 'उष्णता' असा रकाना केलाय: लागोपाठ तीन चाली मारा केला की एक चाल थांबायचं, आणि थांबलेली गाडी लपू शकत नाही. धुकं किंवा धूळ असेल तर पल्ला निम्मा. हा 'निम्मा' मी अंदाजाने टाकलाय, जाणकारांनी दुरुस्त करावा. किरण सरळ रेषेत जातो, म्हणून सपाट जमिनीवर दोन मीटर उंचीच्या लेझरला पाच किलोमीटरपलीकडची जमीन दिसतच नाही. ही मर्यादा कुठल्याही शोधाने हटणार नाही, त्यामुळे ती मी पक्की ठेवली आहे.

रेलगन, म्हणजे बारुदाऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ, फक्त जहाजांना आणि किनाऱ्यावरच्या ठाण्यांना दिली आहे. अमेरिकी नौदलाने २०१० च्या चाचणीत ३३ मेगाज्यूलचा मारा करून दाखवला, तरी २०२१ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. नळीची झीज हे त्यातलं मोठं दुखणं. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून चाचणी केली, म्हणजे विषय संपलेला नाही. नळी बदलायला खेळात किती चाली द्याव्यात?

आता मुख्य अडचण. डिझेलमध्ये किलोमागे साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिनात बरीच वाया गेली तरी चारेक हाती लागतात. आजच्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव किलोवॅट-तास. बॅटरी पाचपट सुधारली तरी जड गाड्यांना इंधन सुटत नाही. एब्रम्स रणगाडा १,९०० लिटरच्या आसपास इंधन पोटात घेऊन जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर जातो. म्हणून मी रसदीचे नियम कडक केले: टँकर मागे राहिला की तुकडी जागच्या जागी थांबते. वास्तव म्हणून मला हे फार आवडतं, कारण शत्रूचा टँकर हेरून उडवणं हीच मग सर्वात मोलाची चाल ठरते. पण चाचणीला बसलेली मंडळी कंटाळतात. लढाई बाजूला राहते आणि इंधनाचे ठोकळे मोजण्यात संध्याकाळ जाते. रसद गाळायची माझी तयारी नाही. ती सोपी करून तिचा धाक तेवढा टिकवता येईल, असा एखादा नियम कोणी वापरलाय का?

एक गोष्ट मी मुद्दाम केली आहे, तिच्यावर मत हवं. २०८० च्या सैन्यातही बरीच सामग्री जुनी ठेवली आहे. बी-५२ विमान १९५२ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि ते २०५० नंतरही वापरायचा बेत आहे. ब्राउनिंग एम२ मशीनगन १९३३ पासून सेवेत आहे. त्यामुळे माझ्या राखीव तुकड्यांकडे आजच्यासारखेच ट्रक आणि मशीनगन आहेत. मित्राचं म्हणणं, मग भविष्य दिसणार कुठे? मला वाटतं, नव्या लेझरशेजारी जवळपास दीडशे वर्षं जुन्या बनावटीची मशीनगन उभी केली की तो काळ जास्त खरा वाटतो.

शेवटचं ड्रोनचं. रेडिओ जाम करणारी गाडी माझ्या खेळात भलतीच भारी पडतेय. ती नकाशावर आली की समोरच्याचे सगळे ड्रोन निकामी. युक्रेनच्या युद्धात बारीक ऑप्टिकल फायबर मागे सोडत जाणारे ड्रोन आले, त्यांना हुकूम रेडिओऐवजी त्या तारेतून जातात, म्हणून त्यांच्यावर जामिंगचा परिणाम होत नाही. तसा ड्रोन मी घातला, पण आता त्याला तोड उरली नाही. झाडीत फायबर अडकण्याचा धोका फाशावर ठरवावा, की पल्लाच कमी करावा? की २०८० मध्ये ड्रोन स्वतःच लक्ष्य ओळखत असतील म्हणून दोन्ही कार्डं काढून टाकावीत?